सत्तरपैकी पासष्ट

आमच्या जाऊबाईंना मी कधी कुठलीच वस्तू मधोमध धरताना पाहिलं नाही. फोटो असो, जेवणाचं ताट असो, लग्नाची पत्रिका असो, दोन बोटांत तिचा काठ धरायचा आणि वस्तू हवेत अशी तोलायची की पाहणाऱ्याला वाटावं, भाजते आहे की काय. माझी लेक दीड महिन्याची होती तेव्हा त्यांनी तिला घ्यायला हात पुढे केले. मी मनात म्हटलं, आता हिलाही काठानंच धरतात वाटतं! आणि खरंच हो, दुपट्याची टोकं पकडून घेतली त्यांनी तिला. वर मलाच म्हणाल्या, "काठानं धर वं धाकटे. लेकराच्या पोटावर बोटं काहून उमटवून राहिली?"

हे "काठानं धर" मी चाळीस वर्षं ऐकलं. धाकटी म्हणजे मी. त्या माझ्या मोठ्या दिरांच्या बायको. नावानं त्यांनी मला कधी हाक मारल्याचं आठवत नाही, आणि मीही त्यांना जाऊबाईच म्हणत आले.

त्या सायन्स कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरीला होत्या. काचेची भांडी, चिमटे, बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या, हे सगळं त्यांच्याबरोबर घरी यायचं. म्हणजे वस्तू नाही, सवयी. त्यांच्या स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डब्यावर चिठ्ठी: "तूर डाळ, भरली सोमवारी." "तिखट, भिवापुरी, जपून." आमचे भाऊजी एकदा गमतीनं म्हणाले, "आता माझ्या कपाळावर तेवढी चिठ्ठी लावायची राहिली." दुसऱ्या दिवशी ऑफिसात त्यांनी डबा काढला तर झाकणावर चिठ्ठी: "नवरा. भाजी कमी तिखट." भाऊजींनी ती चिठ्ठी पाकिटात ठेवली होती, शेवटपर्यंत.

खरं सांगायचं तर मला त्यांचा हेवा वाटायचा. थोडाथोडका नाही. मी सातवीतून शाळा सोडलेली, नरखेडकडच्या एका गावची, संत्र्याच्या बागेतली पोर. पुढचं जे काही शिकले ते लेकीच्या वह्यांमधून आणि वाचनालयाच्या पुस्तकांमधून. इंग्रजी अजूनही एकेक अक्षर लावून वाचते. आणि या बाई घड्याळाची तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला वळवून, खांद्याला पर्स लावून सकाळी दहाला घराबाहेर पडायच्या. मी दारात उभी राहून त्यांच्या साडीच्या निऱ्या पाहायची. त्यांना स्वतःचा पगार होता. त्यांच्या हातांना कांद्याचा वास नव्हता. आणि सगळ्यात झोंबायचं ते हे की आमच्या सासूबाई, ज्यांच्यापुढे माझा आवाज फुटत नसे, त्या जाऊबाईंना वचकून असायच्या. मला "धाकटे, इकडे ये," आणि त्यांना "मोठी, वेळ आहे का वं?" चार वर्षांच्या फरकानं एकाच घरात आलेल्या दोन सुना, आणि बोलण्यात एवढा फरक. जळणार नाही तर काय!

एकच जागा होती जिथं मी त्यांच्या वर होते. माझी भांडी. जाऊबाई पितळेला चिंच लावत नसत. त्यांच्या घरची समई काळी ठिक्कर. सत्यनारायणाला आलेल्या बाया एकमेकींकडे बघायच्या. जाऊबाई निवांत. "घासलं का वस्तू झिजते धाकटे. काळी झाली तं होऊ दे, आहे तेवढी तं राहते." मी त्याच दिवशी घरी जाऊन माझी समई दुसऱ्यांदा घासली. आरशासारखी केली. पाहुणे म्हणायचे, "धाकटीचा हात पाहा." मला तेवढं पुरायचं.

स्वयंपाकात त्यांचं मन नव्हतं. चहा तर त्यांना करताच यायचा नाही. घरी चहा भाऊजी करायचे. संत्र मात्र असं सोलायच्या की साल एका तुकड्यात निघावी. मग फोडी खाऊन झाल्यावर ती साल पुन्हा मिटवून टेबलावर ठेवायच्या. माझ्या माहेराहून पेटी आली की त्यांच्या टेबलावर चार-पाच अशी पोकळ संत्री बसलेली असत, आणि मी दर वेळी फसून एखादं उचलायची. त्या हसायच्या. मला ते हसू लागायचं.

आता गिन्नीचं सांगते, कारण त्याच्याशिवाय या बाईंचं चित्र पुरं होत नाही. माझंही नाही.

सासूबाईंजवळ त्यांच्या आईनं दिलेल्या सोन्याच्या दोन गिन्न्या होत्या. इंग्रजांच्या काळातल्या, एकाच सालच्या. एका बाजूला दाढीवाला राजा, दुसऱ्या बाजूला घोड्यावरचा स्वार. एका थैलीत वर्षानुवर्षं राहिलेल्या, पूजेलाही कधी बाहेर न काढलेल्या. मोठी सून आली तेव्हा एक तिला दिली, मी आले तेव्हा दुसरी मला. वजन सारखं, चित्र सारखं. पण माझी जरा लालसर होती. राजाच्या गालावरून तांबूस छटा पसरलेली, जशी जुन्या कुंकवाच्या करंड्याला धरते. जाऊबाईंची पिवळीधमक. मला वाटलं, बघा, इथंही फरक केला. मोठीला चोख, मला मिसळ.

आमच्याकडे लक्ष्मीपूजनाला घरातलं सगळं सोनं धुवायची पद्धत. आधी रिठ्याच्या पाण्यात, मग दुधात, मग चिमूटभर रांगोळीनं चोळून पुसायचं, आणि वर हळदीकुंकू. ते काम धाकट्या सुनेचं. माझी पहिली दिवाळी होती. मी पदर खोचून बसले आणि बांगड्या, पोत, सगळं धुतलं, माझी गिन्नी तेवढी शेवटची राहिली. जाऊबाईंनी त्यांची गिन्नी ताटात ठेवली ती एका काचेच्या चपट्या डबीत. लॅबमध्ये असते ना, एका छोट्या बशीवर दुसरी बशी उपडी घातल्यासारखी, ती. झाकण उघडू देईनात.

सासूबाई म्हणाल्या, "मोठे, काढ ते काच. हळदकुंकू कुठं वाहू?"

"काचेवर वाहा ना आत्या. लक्ष्मी काचेतून दिसत नाही का?"

"धुवायची नाही का ती?"

"मळली नाही तं काहून धुवायची?"

सासूबाई तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटल्या आणि काचेवर कुंकू वाहिलं. मग त्या फुलं आणायला अंगणात गेल्या आणि जाताना मुद्दाम, सूड घेतल्यासारखं, म्हणाल्या, "मोठे, जा, सगळ्यांचा चहा ठेव."

मी एकटी राहिले. पुढ्यात ताट. त्यात माझी गिन्नी, अजून न धुतलेली, लालसर. आणि काचेत ती दुसरी, पिवळी. माझे हात ओले होते हे मला आठवतं. मी झाकण उचललं, तिची काढली, माझी तिथं ठेवली, झाकण लावलं. कुंकवाचा ठिपका काचेवर होता तसाच राहिला. किती वेळ लागला असेल? दुधाला उकळी यायला लागतो त्यापेक्षा कमी. जाऊबाई चहा घेऊन आल्या. चहात साखर नव्हती. सगळ्यांनी तोंड वाकडं करून प्यायला. मी मात्र गटागटा प्यायले.

झालं. मी चोरी केली होती, एवढं साधं आहे ते. गिन्नीच्या बदली गिन्नी होती, वजनात गुंजेचा फरक नाही, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं. पण चोरी ती चोरी. त्यानंतर दर दिवाळीला मी माझी ती पिवळी गिन्नी रिठ्यात धुवायची, दुधात बुडवायची, रांगोळीनं अशी चोळायची की जणू तिच्यावरून माझे हातच पुसून काढते आहे. चमकायची पण काय! आलेल्या-गेलेल्याला मी आधी ती दाखवायची.

पुढे घरं वेगळी झाली. भाऊजी आणि जाऊबाई रामदासपेठेत फ्लॅट घेऊन राहिले, आम्ही सासूबाईंबरोबर सक्करदऱ्यातच. पण लक्ष्मीपूजन आमच्याकडे. जाऊबाई पर्समध्ये टॉवेलात गुंडाळून ती काचेची डबी आणायच्या, ताटात माझ्यासमोर ठेवायच्या, आणि म्हणायच्या, "चहा ठेवते."

कोणी सांगत नसे. पहिल्या वर्षी सासूबाईंनी पाठवलं होतं, पुढे त्या आपणहोऊन जायला लागल्या. वर्षभर गॅसजवळ न फिरकणारी बाई माझ्या स्वयंपाकघरात जाऊन दहा-दहा मिनिटं भांडी वाजवायची आणि तो भयंकर चहा घेऊन यायची. आमचे हे म्हणायचे, "वहिनीला आरती म्हणायची नसते, म्हणून पळते." मीही तेच धरून चालले. कारण त्यांचा आवाज खरंच फुटका होता. सासूबाई गेल्या, भाऊजी गेले, तरी तो चहा चुकला नाही.

निवृत्त झाल्यावर जाऊबाईंना नाण्यांचा नाद लागला. सीताबर्डीच्या एका गल्लीत, जिना चढून वर, एक नाणेवाला बसतो. चाळिशीचा माणूस, डोळ्याला भिंग लावलेलं, बोलण्यात अर्धी हिंदी. जाऊबाई त्याच्याकडे जाऊन तासन्‌तास बसायच्या. आमच्याकडे मी हरतालिकेच्या पूजेची तयारी करत असायची आणि या बाई रिक्षानं नाणी बघायला चाललेल्या. मग एक दिवस त्या माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "धाकटे, तुझी गिन्नी दे. माझ्या गिन्नीसंगं पाठवते."

कुठं, तर एका कंपनीकडे. ती कंपनी नाणं तपासते, खरं-खोटं पाहते, किती जपलंय त्याचे मार्क देते सत्तरपैकी, आणि मग प्लॅस्टिकच्या टणक पारदर्शक डबीत कायमचं बंद करते. नाणेवाले तिला स्लॅब म्हणतात. स्लॅब म्हणजे मला घराच्या छताचाच माहीत.

भिंगाखाली काही उघडकीला आलं तर? नाही म्हणावं तर संशय येईल. आणि मनातल्या मनात, खोटं कशाला बोलू, मला वाटलं, आता कळेल. माझी चमकती, त्यांची लाल. कंपनीच सांगेल कोणाची चांगली.

दोन-अडीच महिन्यांनी नाणेवाल्यानं बोलावलं. आम्ही दोघी गेलो. जिना चढताना जाऊबाईंना दम लागत होता, मी हात धरला तर म्हणाल्या, "कोपरानं धर, मनगटानं नको." वर गेलो. त्यानं टेबलावर दोन डब्या ठेवल्या. जुन्या कॅसेटच्या डबीपेक्षा लहान. वरच्या बाजूला आत कागदाची चिठ्ठी.

"काकू, ये आपकी," त्यानं माझी पुढे सरकवली. "असली आहे, वजन बरोबर आहे. पण नंबर नाही भेटला."

"म्हणजे?"

"क्लीन्ड लिहिलंय. धुतलेली, घासलेली. भिंगातून पाहा, चारी बाजूनं केसासारखे ओरखडे. आणि अक्षरांच्या खोबणीत कुंकू बसलंय काकू, कंपनीवाले म्हणून राहिले होते की ये लाल क्या है!" तो हसला. "पूजेत ठेवत होत्या ना? हमारे यहाँ सबकी येतात अशा. आईबाईचा हात लागला की गेली."

"मग किंमत?"

"सोन्याची. वितळवायची किंमत, बस."

"आणि यांची?"

तो खुर्चीत पुढे सरकला. "यांची पासष्ट. सत्तर में पासष्ट, इतक्या जुन्या सोन्याले! जशी टाकसाळीतून निघाली तशी. ही लाली बघा, सोन्यातलं तांबं वर येते हळूहळू, ती खरी निशाणी. याले गिऱ्हाईक सोन्याच्या दुप्पट देते. आज म्हटलं तं आज."

"वजन तर तेच आहे," मी म्हटलं. माझा आवाज चढला असावा. "सोनं तेच, राजा तोच, घोडा तोच!"

"गिऱ्हाईक सोनं नाही घेत काकू. डबी घेते. डबीत आकडा आहे ना. ये तोडून बाहेर काढली तं मीच पुन्हा विचारीन, कशावरून पासष्ट?"

जाऊबाईंनी त्यांची डबी उचलली आणि मला दाखवली. आणि काय सांगू, आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा अंगठा मी वस्तूच्या मधोमध पाहिला. चिठ्ठीवरच दाबलेला. अंगठ्याच्या बाजूनं तेवढा आकडा दिसत होता, पासष्ट. मला दुसरं काही पाहायचंही नव्हतं. मॅट्रिकला न बसलेल्या बाईला पासष्टचा आकडा कसा दिसतो ते तुम्हाला नाही कळायचं.

उतरताना त्या म्हणाल्या, "वाईट वाटलं वं?"

"मला कशाचं वाईट? तुमचा मान मोठा, पहिल्यापासूनच."

रिक्षात बसल्यावर म्हणाल्या, "चाळीस वर्षं मी काचेत ठेवली तं लोकं हसले. यांनी प्लॅस्टिकमधी ठेवली तं दुप्पट झाली. मज्जा आहे."

ती त्यांची मजा होती. मी घरी येऊन जेवले नाही. दुसऱ्या दिवशी आमच्या नेहमीच्या सराफाकडे गेले आणि विचारलं, अशी डबीतली आणि अशी बिनडबीची, काय फरक? तो म्हणाला, "माझ्यासाठी काहीच नाही. डबी फोडावी लागेल, कस लावावा लागेल. भाव दोन्हीचा एकच." मला इतकं बरं वाटलं की मी त्याच्याकडून नसलेल्या गरजेचे चांदीचे जोडवे घेऊन आले. पण संध्याकाळपर्यंत ते बरं वाटणं विरलं. कारण मला माहीत होतं ना, ती लाल गिन्नी कोणाची होती. माझी. माझ्या सासूनं माझ्या हातावर ठेवलेली. पासष्ट मार्क माझे होते आणि मीच ते ओल्या हातांनी दुसऱ्याच्या डबीत टाकले होते. चोराला आपलीच चोरी झाल्याचं दुःख! हसू नका. तसंच्या तसं वाटत होतं.

आणि मग त्याहून वाईट एक गोष्ट लक्षात आली, भांडी घासताना. लाल माझ्याकडे राहिली असती तर मी ती धुतली असती. ती लाली जाईपर्यंत चोळली असती, पहिल्याच दिवाळीत. म्हणजे गिन्नी कोणतीही असती, माझ्याकडची नापासच होणार होती. हे कळल्यावर तर मी जाऊबाईंशी चार महिने फोनवर तुटक बोलले.

पुढच्या दोन दिवाळ्या त्यांनी ती प्लॅस्टिकची डबी ताटात पालथी ठेवली. मी म्हटलं, "लक्ष्मीला पालथं घालतात होय?" तर म्हणाल्या, "या बाजूनं घोडा दिसते." आणि गेल्या चहा ठेवायला. मी त्या डबीकडे पाहिलंसुद्धा नाही. ताटाच्या दुसऱ्या टोकाची फुलं नीट करत बसले. नुसता हात लावून उलटी केली असती तरी पुढचं सगळं वेगळं झालं असतं. पण मला तो आकडा पुन्हा पाहवत नव्हता.

गेल्या दिवाळीत त्यांना उठवत नव्हतं. पायांवर सूज, श्वास अपुरा. म्हणून मीच पूजेचं सामान घेऊन रामदासपेठेत गेले. पलंगाजवळ पाट मांडला, ताट ठेवलं. काळी समई त्यांचीच, मी वात लावली. त्यांनी उशीखालून डबी काढली, ताटात पालथी ठेवली, आणि पलंगाच्या काठावर हात टेकून उठायला लागल्या.

"कुठं चालल्या?"

"चहा ठेवते."

"बसा हो जाऊबाई. मी ठेवते ना."

"तू गेली तं कसं होईल वं?"

"काय कसं होईल?"

त्यांनी पुन्हा उठायचा प्रयत्न केला. नाही जमलं. मग उशीला टेकल्या आणि म्हणाल्या, "बरं. मी डोये मिटते. औंदा एवढंच जमते." आणि खरंच डोळे मिटून घेतले.

"जाऊबाई, हे काय करून राहिल्या तुम्ही?"

"तुले वेळ देऊन राहिली. दरवर्षी देते."

मला उठून पळावंसं वाटलं.

"तुम्हाला माहीत होतं?"

"माझ्या गिन्नीवर घोड्याच्या शेपटीखाली एक खोच होती. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तं काचेतल्या गिन्नीले नव्हती." डोळे अजून मिटलेलेच. "मले वाटलं, पोरगी आहे, चमकतं दिसलं, उचललं. ठेवेल परत."

"मग बोलल्या काहून नाही?"

"बोलली असती तं तू चोर झाली असती. आत्याचं तोंड तुले माहीत होतं ना? माहेरी धाडली असती. न बोलता राहिली तं तुले ठेवता आली असती गुपचूप. म्हटलं, येत्या दिवाळीले ठेवेल. मग त्याच्या येत्या. मग मले सवयच लागली चहाची."

आणि तोंडातून काय निघालं, तर, "तो चहा किती वाईट असायचा जाऊबाई!"

त्या इतक्या हसल्या की खोकला आला. मी पाणी दिलं. ग्लास काठानं धरून प्यायल्या. "मले कुठं येते वं चहा! दहा मिनिटं काय करू, म्हणून दोनदा उकळत होती."

मग म्हणाल्या, "आता पलटव ते."

मी डबी उलटी केली. चिठ्ठीवर आकडा होता, सालाचा आकडा होता, आणि खाली इंग्रजीत एक ओळ. मी एकेक अक्षर लावलं. वेळ लागला. त्यांनी मदत केली नाही, वाचू दिलं. धाकटी कलेक्शन.

"कंपनीवाले म्हणत होते, संग्रहाचं नाव टाकून भेटते, पैसे वेगळे. नाणेवाला म्हणे, एका गिन्नीचा काय संग्रह? मी म्हटलं, तू टाक. जिची आहे तिचं नाव."

"पण मार्क तुमचे आहेत," मी म्हटलं. मला रडू येत होतं. "मी ठेवली असती तर धुतली असती."

"धुतलीच असती. रांगोळीनं."

"मग नाव माझं कशाला?"

"ते मी नाही ठरवलं. आत्यानं ठरवलं होतं, तुझ्या हातावर ठेवली तेव्हा." एवढं बोलून त्या थकल्या. "जा आता, चहा ठेव. दोन चमचे साखर. डॉक्टरले सांगू नको."

मी चहा ठेवला. गॅससमोर उभी राहून रडले, हे खरं. पण रडण्याच्या आधी काय वाटलं तेही लिहिते, नाहीतर हे सगळं सांगण्यात अर्थ नाही. मला हेवा वाटला. चाळीस वर्षांतला सगळ्यात मोठा. नोकरीचा, पगाराचा, निऱ्यांचा वाटला नव्हता इतका. वाईट काम मी केलं, आणि त्यातलं चांगलं तेवढं सगळं त्यांच्या वाट्याला गेलं. मी चाळीस वर्षं काय केलं? घासलं. त्यांनी काय केलं? वाट पाहिली, आणि दरवर्षी साखर विसरल्या.

संक्रांतीनंतर त्या गेल्या. त्यांच्या कपाटात माझ्यासाठी पाकीट होतं, आणि त्यावर त्यांच्या बारीक अक्षरातली चिठ्ठी: "धाकटीले द्यायची. काठानं." आत डबी. समईही मी आणली आहे. अजून चिंच लावलेली नाही. हात शिवशिवतात, पण नाही लावली.

मागच्या महिन्यात लेकीबरोबर सीताबर्डीवर गेले होते, तर जिना चढून त्या नाणेवाल्याकडेही गेले. जाऊबाई गेल्याचं त्याला कळलं होतं. त्यानं खुर्ची दिली, संत्र्याची बर्फी पुढे ठेवली. मग मी पर्समधून डबी काढल्यावर त्याचा सूर बदलला. सोनं वर गेलंय म्हणे, आणि डबीतल्या मालाचं तर विचारूच नका. एक गिऱ्हाईक आहे, फोटो पाठवला तर आत्ता हो म्हणेल.

"विकायची नाही," मी म्हटलं.

"विकू नका. फोटो तं काढू द्या. अशी कुठं पाहायले भेटते?"

त्यानं मोबाइल समोर धरला. मी डबी दोन हातांनी उभी धरली, काठानं. मग उजवा अंगठा उचलला आणि चिठ्ठीवर ठेवला.

"काकू, अंगठा बाजूले घ्या ना," तो भिंगाआडून म्हणाला. "आकडा झाकून राहिला."

"झाकू द्या," मी म्हटलं. "खालचं नाव येतंय ना फोटोत? तेवढं घ्या."